रण आणि सराव : कुफ्रा, मे १९४२

मराठीत 'रण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक रणांगणाचे रण आणि दुसरे कच्छचे रण. पहिला शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला. दुसऱ्याचे मूळ ओसाड, खाऱ्या भूमीच्या 'इरिण' या शब्दात सांगितले जाते. ध्वनीच्या योगायोगाने एकत्र आलेले हे दोन शब्द. दुसऱ्या महायुद्धातील एक घटना मात्र अशी आहे की तिच्यात पहिल्या रणासाठी आलेली माणसे दुसऱ्या रणाने घेतली, आणि त्यांना 'रणात पडले' म्हणावे की नाही, असा पेच इतिहासलेखनापुढे उभा राहिला.

कुफ्रा हे आग्नेय लिबियातील मरूद्यान. भूमध्य समुद्राचा किनारा तेथून शेकडो मैल दूर. १९४१च्या मार्चमध्ये लेक्लेर्कच्या नेतृत्वाखालील स्वतंत्र फ्रेंच सैन्याने ते इटलीकडून जिंकले आणि पुढे ते दोस्त राष्ट्रांचे वाळवंटातील महत्त्वाचे ठाणे झाले. त्याच्या संरक्षणासाठी एप्रिल १९४२च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकी वायुदलाच्या १५व्या स्क्वाड्रनची तीन ब्लेनहाइम विमाने तेथे आली. वैमानिक तरुण होते. वाळवंटावरून उड्डाण करण्याचा त्यांना अनुभव नव्हता. म्हणूनच ४ मे रोजी पहाटे तिन्ही विमाने परिसराची ओळख करून घेण्यासाठी सरावाच्या फेरीवर निघाली. शत्रूचा प्रश्न नव्हता. रेबियाना, बझेमा अशी मरूद्याने पाहून परतायचे होते.

त्या काळी दिशा, वेग, वारा आणि वेळ यांच्या हिशोबावर विमानाचे स्थान ठरवीत. या हिशोबात एका अंशाची चूक झाली, तर साठ मैलांवर विमान सुमारे एक मैल बाजूला जाते. खाली नदी, रस्ता, गाव असेल तर चूक लगेच ध्यानात येते. येथे खाली केवळ वाळू होती. परतीची वेळ झाली तरी कुफ्रा दिसेना. त्यातच एका विमानाचे इंजिन बिघडले आणि तिन्ही विमाने वाळवंटात उतरली. बाराही जण सुखरूप होते. पुढच्या दिवसांत उरलेल्या इंधनावर तळ शोधण्याचे प्रयत्न झाले. तळ सापडला नाही. दरम्यान वाळूच्या वादळांमुळे शोधासाठी निघालेल्या विमानांना काही दिसेना. आठवड्याभराने अखेरची विमाने सापडली, तेव्हा बारांपैकी एकच जण जिवंत होता : यूल नावाचा एअर मेकॅनिक. अकरा जण तहानेने गेले होते.

या सर्व काळात तुकडीचे प्रमुख मेजर द वेट दैनंदिनी लिहीत होते. ती उपलब्ध आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने ती आवर्जून वाचावी अशी आहे. तिच्यात वाङ्मयीन गुण शोधण्यासाठी मात्र नव्हे. तिच्या नोंदी तुटक आहेत. दिवसागणिक आशा कशी आकुंचत जाते ते त्या तुटकपणातूनच कळते. माणसांनी होकायंत्रातील अल्कोहोल पिऊन पाहिले, अंगाचा दाह शमावा म्हणून अग्निशामकातील द्रव अंगावर घेतला आणि त्याने कातडी भाजली. हे तपशील कोणत्याही स्मारकावर कोरले जाणार नाहीत.

आता वाळवंटातील विमान-अपघाताची जी चित्रे साहित्याने आपल्या मनात रुजवली आहेत, ती याच्या शेजारी ठेवून पाहावीत. सेंत-एक्झ्युपेरी १९३५च्या डिसेंबरअखेर इजिप्तच्या वाळवंटात कोसळला, चौथ्या दिवशी एका बदाउनीने त्याला वाचवले आणि त्या अनुभवातून जगभर वाचले जाणारे चिंतन जन्माला आले. मायकेल ओंडात्जे यांच्या १९९२च्या 'द इंग्लिश पेशंट' या कादंबरीतील जळालेला नायक ज्या अल्माशीवरून बेतला आहे, तो खरा अल्माशी याच मे १९४२मध्ये जर्मन हेरांना घेऊन याच वाळवंटातून इजिप्तकडे निघाला होता. एकाच महिन्यात, एकाच वाळूत हेरगिरीची एक साहसकथा आणि सरावाची एक शोकांतिका घडत होती. कादंबरी पहिलीवर झाली. दुसरीच्या वाट्याला चौकशी आली.

हे केवळ लेखकांच्या आवडीनिवडीचे फळ नाही. ते भाषेतच आहे. आपण 'धारातीर्थी पडला' म्हणतो, 'रणात कामी आला' म्हणतो. 'कामी येणे' या प्रयोगात मृत्यूचा उपयोग गृहीत धरलेला असतो. सरावात गेलेला माणूस कोणाच्या कामी आला? त्याच्यासाठी आपल्याजवळ 'अपघाती निधन' एवढाच कोरडा शब्द उरतो. आणि अशी माणसे थोडी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात एकट्या अमेरिकेच्या भूमीवर लष्करी विमानांच्या अपघातांत, त्यांतही बहुतांशी प्रशिक्षणात, सुमारे १५,००० जण मेले. आधुनिक युद्धाची सुरुवात शत्रूची गाठ पडण्याच्या पुष्कळ आधी होते. स्मरणाची भाषा मात्र अजून तलवारीच्या धारेपाशीच थांबली आहे.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे. युद्धकाळात सेवेत असताना मेलेला प्रत्येक जण, मग तो गोळीने मेलेला असो, तापाने वा अपघाताने, सारख्याच शिळेचा धनी. हुद्द्यानुसारही लहानमोठेपणा नाही. कुफ्राच्या मृतांना पुढे टोब्रुकजवळच्या अक्रोमा येथील समाधिस्थळी हलवण्यात आले. तेथे ते लढाईत पडलेल्यांच्या शेजारी आहेत. ही समता मोठी आहे. पण तिची किंमतही आहे. शिळेवर नाव, हुद्दा, तारीख असते, कारण नसते. ज्या मौनामुळे अकरा जणांना मान मिळाला, त्याच मौनाआड त्यांच्या मृत्यूला जबाबदार ठरलेली घाई आणि अपुरी तयारीही झाकली जाते.

उलट, कारण सांगायला लागले की दोष मृतांच्या माथी मारण्याचा मोह होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी पाणी जपले नाही, असा ठपका या घटनेविषयी वाचायला मिळतो. परंतु युद्धकाळात अमेरिकी वाळवंटात शरीरशास्त्रज्ञ अॅडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले, १९४७मध्ये ग्रंथरूपाने आलेले संशोधन सांगते की पाणी बाटलीत राखल्याने शरीराची गरज घटत नाही. घाम वाचवावा लागतो. सावली, विसावा, रात्रीची हालचाल हे नियम ज्यांना कोणी शिकवलेच नव्हते, त्यांना शिस्तीचा धडा मागाहून देणे सोपे आहे.

म्हणून वर्गात युद्धसाहित्य शिकवताना आम्हाला वाटते की शिळा आणि दैनंदिनी एकत्रच वाचल्या पाहिजेत. शिळा सांगते की हे अकरा जण इतरांहून कमी नव्हते. दैनंदिनी सांगते की ते मेले नसते तरी चालले असते. त्यांचा मृत्यू युद्धाला आवश्यक नव्हता. पहिले विधान स्मरणाचे, दुसरे इतिहासाचे. त्यांतले दुसरे वगळून केलेले स्मरण 'कामी आले' एवढे म्हणून मोकळे होते. द वेट यांना, मदत येईल की नाही हे ठाऊक नसताना, दिवसाची नोंद करून ठेवावीशी वाटली. ती कोणीतरी वाचावी, एवढाच तिचा उद्देश असणार.