फस्स, सञ्ञा आणि अस्पृश्यता : पालि मानसशास्त्रातील एक विचार

मानसशास्त्राच्या प्रारंभिक क्रमिक पुस्तकात तीन प्रकरणे सहसा असतातच : मानवी विकासाच्या अवस्था, वेदन आणि अवबोधन. इंद्रियावर बाह्य वस्तूचा आघात होऊन जी प्राथमिक नोंद होते ते वेदन. त्या नोंदीला अर्थ देऊन 'ही अमुक वस्तू होय' असे ओळखणे हे अवबोधन. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यपट्ट्यात, गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी शिकणारा आपला विद्यार्थी ही व्याख्या परीक्षेपुरती पाठ करतो. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन केली, हेही तो उत्तरपत्रिकेत लिहितो. परंतु या दोन प्रक्रियांमधील भेद पालि ग्रंथकारांनी किती काटेकोरपणे मांडला होता, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा भेद त्याच्या आज्या-पणज्याच्या इतिहासाशी थेट निगडित आहे. कारण ज्या शब्दाने त्यांना समाजाबाहेर ठेवले, तो 'अस्पृश्य' हा शब्द मुळात एका इंद्रियाविषयीचा, त्वचेविषयीचा आहे. त्या इंद्रियाने प्रत्यक्षात कशाची नोंद केली, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे.

स्पर्शात काय असते ?

प्रथम शब्दांची निश्चिती आवश्यक आहे. मराठीत 'वेदना' म्हणजे दुखणे. पालि 'वेदना' मात्र सुख, दुःख आणि अदुःख-असुख अशी त्रिविध अनुभूती होय. म्हणून क्रमिक पुस्तकातील 'वेदन' आणि त्रिपिटकातील 'वेदना' एकच समजणे युक्त नाही. मज्झिमनिकायातील मधुपिण्डिक सुत्तात ही प्रक्रिया क्रमाने सांगितली आहे. डोळा आणि रूप यांच्यामुळे चक्षुविञ्ञाण उत्पन्न होते, या तिहींचा संयोग म्हणजे फस्स, फस्सामुळे वेदना, जे वेदिले जाते त्याची सञ्ञा, सञ्ञेवर वितर्क, आणि वितर्कातून पपञ्च, म्हणजे कल्पनांचा अनावर विस्तार. कान, नाक, जीभ, काया आणि मन यांच्याविषयीही हाच क्रम आहे. अभिधम्म परंपरेत फस्स, वेदना आणि सञ्ञा हे चित्ताबरोबर एकाच क्षणी उद्भवणारे धर्म मानले आहेत. तथापि त्यांची कार्ये भिन्न आहेत याविषयी सुत्त आणि अभिधम्म यांत मतभेद नाही.

आता काया या इंद्रियाचा विचार करू. थेरवादी अभिधम्मानुसार कायेला जे कळते, त्याला फोट्ठब्ब म्हणतात आणि त्यात तीनच महाभूते येतात : पठवी, म्हणजे कठीण-मऊपणा, तेजो, म्हणजे उष्ण-शीतपणा, आणि वायो, म्हणजे ताण व दाब. आपोधातू त्यात नाही. पाण्यात हात घातला असता जो गारवा जाणवतो तो तेजोधातूचा, जो दाब जाणवतो तो वायोधातूचा. 'हे पाणी' हे ज्ञान मनोद्वाराने होते. हे विश्लेषण वाचताना २० मार्च १९२७ चा दिवस आठवल्यावाचून राहत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीत पाणी घेतले आणि सवर्णांनी तळे बाटले असा ओरडा केला. अभिधम्माच्या भाषेत विचारावयाचे तर, तळ्याच्या कोणत्या धातूत फरक पडला होता ? कठीण-मऊ, उष्ण-शीत आणि ताण या पलीकडे त्वचेला काहीच कळत नाही. उच्च-नीच हा फोट्ठब्बाचा प्रकार नाही. विटाळ फस्सात नसतो. तो नंतर घातला जातो.

वासेट्ठ सुत्तात हाच विचार डोळ्याच्या अंगाने आलेला आहे. तृण, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, मत्स्य आणि पक्षी यांच्या जातींची भिन्न चिन्हे दिसतात. मनुष्याच्या केस, मस्तक, कान, हात वा पाय यांत तशी भिन्न चिन्हे दिसत नाहीत. मनुष्यांतील भेद हा केवळ नावाचा व्यवहार आहे, असे तथागत तेथे प्रतिपादन करतात.

सञ्ञा : खूण आणि बुजगावणे

मग हा भेद कोठे घातला जातो ? याचे उत्तर सञ्ञेच्या विवेचनात आहे. पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात बसून आचार्य बुद्धघोषांनी लिहिलेल्या विसुद्धिमग्गाच्या चौदाव्या परिच्छेदात सञ्ञेचे कार्य सुताराच्या दृष्टान्ताने समजाविले आहे. सुतार लाकडावर खूण करतो आणि पुढे त्या खुणेवरून ते लाकूड ओळखतो. ज्याने बल्लारशाहच्या लाकूड-आगारात सागाच्या ओंडक्यांवरील हातोडीचे शिक्के पाहिले आहेत, त्याला हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. शिक्का म्हणजे साग नव्हे. परंतु व्यवहार शिक्क्यावर चालतो.

दुसरा दृष्टान्त अधिक मार्मिक आहे. शेतातील बुजगावणे पाहून हरणाच्या पाडसांना 'हा मनुष्य' अशी सञ्ञा होते. धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या काठीला आणि फाटक्या सदऱ्याला पाहून पाडस पळते, ते डोळ्यांच्या दोषामुळे नव्हे. डोळ्याला रंग आणि आकार नीट दिसले. चूक ओळखण्यात झाली. भय मात्र खरे असते आणि पळणेही खरे असते. मिथ्या सञ्ञेतून वास्तव वर्तन निर्माण होते, हे या दृष्टान्ताचे सार आहे. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी, अवबोधन हे पूर्वानुभवावर आधारलेले अबोध अनुमान असते, असा सिद्धान्त मांडला. त्याची बैठक प्रयोगाची आणि शरीरविज्ञानाची, तर बुद्धघोषांची निर्वेदाची व मुक्तीची. म्हणून दोन्ही एकच म्हणता येणार नाहीत. परंतु ओळख ही इंद्रियाची देणगी नसून मनाची रचना आहे, या मुद्द्यावर ते जवळ येतात.

याच परिच्छेदात नाण्यांच्या राशीचा दृष्टान्त आहे. बालकाला नाण्याचा रंग व आकार तेवढा कळतो. गावकऱ्याला त्याचे व्यवहारातील मोलही कळते. सराफाला मात्र खरे कोणते, खोटे कोणते आणि भेसळीचे कोणते हे कळते. सञ्ञा बालकासारखी, विञ्ञाण गावकऱ्यासारखे आणि पञ्ञा सराफासारखी. जातीचे नाणे हजारो वर्षे चालले, कारण गावकरी ते घेत-देत राहिले. ते खोटे आहे हे सांगण्यास सराफाची दृष्टी लागते.

बालकाचे मन

ही खूण मनावर केव्हा उमटते ? येथे मानवी विकासाचा विचार येतो. महातण्हासङ्खय सुत्तात गर्भधारणेपासून मनुष्याच्या वाढीचे वर्णन आहे. मूल आईच्या दुधावर वाढते. मग लहानसा नांगर, विटीदांडू, पानांचे माप, छोटा रथ, छोटे धनुष्य अशा खेळण्यांनी खेळते. पुढे इंद्रिये परिपक्व झाल्यावर पाचही विषयांत रमते, आवडत्या रूपाकडे ओढ घेते आणि नावडत्याचा द्वेष करते. गोंडपिपरीच्या कोणत्याही वस्तीत आजही ओळखू येतील असे हे खेळ आहेत. विसुद्धिमग्गाच्या विसाव्या परिच्छेदात शंभर वर्षांच्या आयुष्याचे दहा दशके पाडून वर्णन आले आहे : मन्द, खिड्डा, वण्ण, बल, पञ्ञा, हानि, पब्भार, वङ्क, मोमूह आणि सयन. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडलेल्या आठ अवस्थांशी त्यांची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु बुद्धघोषांचा हेतू अनित्यतेचे चिंतन हा आहे, निरीक्षणाचे शास्त्र रचणे हा नव्हे, हे विसरू नये.

आपल्या प्रश्नासाठी महामालुङ्क्य सुत्त अधिक उपयुक्त आहे. उताण्या निजलेल्या तान्ह्या बालकाला 'मी' आणि 'इतर प्राणी' अशी कल्पनाही नसते. मग त्याला त्यांच्याविषयी द्वेष कोठून होणार? तथापि द्वेषाचा अनुसय, म्हणजे सुप्त प्रवृत्ती, त्याच्या ठायी असते. ही भूमिका दोन टोके टाळते. मूल कोरी पाटी आहे असे तथागत म्हणत नाहीत, आणि ते जातीचे ज्ञान घेऊन जन्मते असेही म्हणत नाहीत. भूमी आहे, बी समाज पेरतो.

आधुनिक संशोधन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली असे दाखविले की, इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील फरक कळतो. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत ही क्षमता बहुतेकांत क्षीण होते, कारण त्यांच्या भोवतालच्या भाषेत तो भेद नसतो. मराठी, गोंडी आणि तेलुगू कानी पडणाऱ्या आपल्या सीमाभागातील माणसाला यात नवल वाटू नये. कान जन्मतः मिळतो. काय वेगळे म्हणून ऐकावयाचे, हे घर आणि गाव शिकविते. केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे केवळ वर्णाने भिन्न असलेल्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन अवैध ठरविताना या प्रकारच्या संशोधनाचा आधार घेतला. अन्याय करणाऱ्याची सञ्ञा अन्याय सोसणाऱ्याच्या मनातही किती लवकर उमटते, हे त्यातून उघड झाले.

मसूर स्थानकावरील एक क्षण

या सर्व विवेचनाचा जिवंत पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी ज्या इंग्रजी लेखनात नोंदविल्या, आणि जे १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले, त्यात सुमारे १९०१ चा एक प्रसंग आहे. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले सातारहून वडिलांच्या भेटीस कोरेगावी निघाली होती. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे असा त्यांचा वेश होता. मसूर स्थानकावर त्यांना न्यावयास कोणी आले नाही. स्थानकप्रमुखाने मुलांना पाहिले, ती ब्राह्मणांची आहेत असे गृहीत धरले आणि त्यांच्या अडचणीने तो कळवळला. मग त्याने 'तुम्ही कोण ?' असे विचारले आणि भीमरावांनी सहजपणे आपली जात सांगितली. क्षणात त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढे गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, या अटीवर प्रवास झाला. जवळ अन्न असून पाण्यावाचून रात्र काढावी लागली.

त्या क्षणाचे विश्लेषण करावे. स्थानकप्रमुखाच्या डोळ्यासमोरील रूपात काहीही बदल झाला नव्हता. तीच मुले, तेच कपडे, तीच संध्याकाळ. चक्षुविञ्ञाण तेच होते. एक शब्द कानी पडला, सञ्ञा बदलली. करुणेच्या जागी किळस आली आणि त्यामागून वर्तन आले. वासेट्ठ सुत्तातील सिद्धान्ताची याहून स्पष्ट परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत झाली नसती. आणि या परीक्षेत नऊ वर्षांचे मूल होरपळले.

ग्रंथालयातून गावाकडे

पालि मानसशास्त्राचा हा ठेवा महाराष्ट्रात पुन्हा उपलब्ध करून देण्याचे श्रेय गोव्यातील साखवाळच्या धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांना प्रथम द्यावे लागते. त्यांनी संपादिलेला विसुद्धिमग्ग १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने देवनागरीत प्रसिद्ध केला आणि १९४१ साली अभिधम्मत्थसङ्गहावरील त्यांची नवनीत टीका सारनाथहून निघाली. त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी रं. द. वाडेकरांसह धम्मसङ्गणि आणि अट्ठसालिनी पुण्याहून देवनागरीत प्रकाशित केल्या. या विद्वानांचे ऋण मोठे आहे. परंतु हे ग्रंथ दीर्घकाळ ग्रंथालयांच्या कपाटांत राहिले.

दरम्यान बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहारा'च्या आपल्या अभिभाषणात असे प्रतिपादन केले होते की, जात ही विटांची भिंत नाही. ती एक कल्पना, मनाची एक अवस्था आहे, आणि म्हणून तिचा नाश म्हणजे मनातील धारणेत परिवर्तन. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० साली अस्पृश्यतेचे आचरण दंडनीय केले. वर्तनाला कायद्याचा बांध घातला. कायद्याचा तो आधार अनिवार्य आहे. मात्र सञ्ञेचे परिवर्तन हे धम्माचे कार्य होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबर रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जे घडले ते या अर्थाने मानसशास्त्रीय क्रांती होते. त्या दिवशी कोणाच्याही त्वचेचा वा चेहऱ्याचा धातू बदलला नाही. स्वतःकडे पाहण्याची खूण बदलली. क्लार्क यांच्या बाहुल्यांपुढे बसलेल्या मुलांच्या मनात जी सञ्ञा होती, तिच्याविरुद्ध लक्षावधी माणसांनी एकत्रितपणे दिलेला तो नकार होता.

आजचे कर्तव्य

या इतिहासातून आपल्यावर एक जबाबदारी येते. सञ्ञा शिकविली जाते म्हणून ती पालटता येते. पण त्याच कारणाने ती नकळत पुन्हा उमटूही शकते. वैनगंगा आणि वर्धा यांच्या दरम्यानच्या या प्रदेशात आपल्या शेजारी गोंड आणि माडिया बांधव राहतात. त्यांच्या भाषेला, पेहरावाला वा अन्नाला आपल्या घरात कोणत्या शब्दांनी संबोधिले जाते, हे आपले मूल ऐकत असते. ज्या शब्दाने मसूरला एका माणसाचा चेहरा पालटला, तसा शब्द आपल्या ओसरीवर उच्चारला जाऊ नये.

म्हणून विहारातील बालसंस्कार वर्गात त्रिसरण-पंचशीलाबरोबर बुजगावण्याचा आणि सराफाचा दृष्टान्तही सांगितला जावा. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने अवबोधनाचे प्रकरण वाचताना मधुपिण्डिक आणि वासेट्ठ ही सुत्ते शेजारी उघडावीत. जे दिसले ते काय, आणि त्यावर मी काय लादले, हा प्रश्न ज्याला वेळीच विचारता येतो, त्याची वाट पञ्ञेकडे जाते. हातातील नाणे पारखून घेण्याची ही सवय मुलांना मन्द आणि खिड्डा या दशकांतच लागली, तर पुढील आठ दशके तिचा उपयोग होईल.