पल्सर 220 आणि कार्ब्युरेटरची उलटी वाट

यंत्रांचा इतिहास शिकवताना जुने जाते आणि नवे येते, अशी सरळ रेघ आपण फळ्यावर ओढतो. पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर 220 ही मोटारसायकल त्या रेघेत बसत नाही. 2007 साली ती इंधन-अंतःक्षेपण घेऊन बाजारात आली. गॅरेजात यालाच ‘एफ.आय.’ म्हणतात. दोनच वर्षांनी, 2009 मध्ये, कंपनीने तिला कार्ब्युरेटर बसवला. शक्ती सुमारे 20 वरून 21 अश्वशक्तीवर गेली, किंमत उतरली, आणि जाहिरात झाली ती सर्वांत वेगवान भारतीय मोटारसायकल अशी!

कार्ब्युरेटर म्हणजे बिनविजेचे मोजमाप. नळी अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटलीच्या व्हेंतुरी यांनी 1797 साली मांडले. इंजिनाने ओढलेली हवा कार्ब्युरेटरच्या अशाच अरुंद गळ्यातून जाते. तेथे दाब घटल्याने फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर चढते व हवेत फवारले जाते. हवा वाढली की पेट्रोलही वाढते. 1 ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. हा सगळा हिशेब एका छिद्राच्या व्यासावर सोपवलेला असतो. अंतःक्षेपणात तोच हिशेब सेन्सर आणि संगणक करतात.

मग कंपनी मागे का वळली? किंमत हे उघड कारण. दुरुस्तीचे कारणही आम्हाला तितकेच मोठे वाटते. बीड जिल्ह्यात आष्टी किंवा शिरूर कासारच्या बाजूला गाडी बंद पडली, तर जेटमधला कचरा फुंकून काढता येतो. बिघडलेला सेन्सर फुंकून दुरुस्त होत नाही. वाढलेली अश्वशक्ती मात्र एकट्या कार्ब्युरेटरच्या खाती टाकू नये. इंजिनाची जुळणी कशी केली यावर ती अवलंबून असते.

गंमत अशी, की 1954 च्या मर्सिडीज 300 एसएल या मोटारीत पेट्रोलचे अंतःक्षेपण आले ते वेगासाठी. 1967 साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक पद्धत फोक्सवॅगनच्या मोटारींत आली, तेव्हा कारण बदलले होते: अमेरिकेचे धुराचे नियम. धुरातील विषारी वायू निकामी करणारा उत्प्रेरक 14.7 च्या अगदी जवळच नीट काम करतो, आणि इतकी काटेकोर मात्रा साध्या जेटला सतत राखता येत नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाली आणि 220 पुन्हा एफ.आय. झाली. कार्ब्युरेटर हरला तो शर्यतीत नव्हे, धुराच्या तपासणीत.

जुन्या 220 गाड्या अजून धावत आहेत, पण त्यांच्या टाकीतले इंधन बदलले आहे. बीडचे ऊसतोड कामगार दरवर्षी परजिल्ह्यांत जाऊन जो ऊस तोडतात, त्याच्या रस-मळीपासून इथेनॉल बनते, आणि आता पेट्रोलमध्ये ते 20 टक्क्यांपर्यंत असते. 1 ग्रॅम इथेनॉलला सुमारे 9 ग्रॅमच हवा लागते; म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त हवे. एफ.आय. गाडीतील ऑक्सिजन-सेन्सर ही दुरुस्ती स्वतः करतो. जेटचे छिद्र मात्र तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते, थंडीत गाडी लवकर सुरू होत नाही, चढावर इंजिन तापते. तेव्हा मिस्त्री कार्ब्युरेटर उघडतो आणि एक नंबर मोठा मेन जेट बसवतो.