चित्रपटाचा पाठ

जाँ रन्वार यांचा ‘ला रेग्ल द्यु ज्य’ हा कृष्णधवल चित्रपट जुलै १९३९ मध्ये पॅरिस येथे प्रदर्शित झाला. प्रेक्षकांच्या रोषामुळे दिग्दर्शकानेच त्यात काटछाट केली. त्याच वर्षी त्यावर बंदी आली आणि १९४२ च्या बॉम्बवर्षावात मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. विखुरलेले तुकडे जुळवून १९५९ मध्ये रन्वार यांच्या संमतीने १०६ मिनिटांची प्रत सिद्ध झाली. २००४ मध्ये डीव्हीडीवर आली ती हीच. तेव्हा रायपूरच्या समता कॉलोनीत घरी बसून आपण जो चित्रपट पाहतो, तो पॅरिसच्या त्या पहिल्या प्रेक्षकांनी या रूपात पाहिलाच नव्हता.

भांडारकर संस्थेच्या चिकित्सित महाभारताचा पाठही कोणत्याही एका पोथीत जसाच्या तसा नव्हता. परंतु तेथे पाठभेद तळटीपांत नोंदलेले आहेत. या डीव्हीडीतही चित्रपटाच्या दोन शेवटांची तुलना दिली आहे. तीच तिची तळटीप होय.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांच्या अनेक नायट्रेट प्रती भस्मसात झाल्या. यानंतर तरी, तबकडी घरोघरी पोहोचली म्हणजे चित्रपट वाचला, असे आपण मानू नये. उरलेल्या प्रती ताडून पाहणारा संपादक लाभेपर्यंत तो केवळ मुद्रित असतो, संपादित नव्हे.