शांतिसेना
शांतिसेना : समाजातील हिंसाचार नित्य सेवेच्या बळावर टाळावा आणि तो उद्‌भवल्यास निःशस्त्र उपायांनी आवरावा, या हेतूने आचार्य विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी १९५७ मध्ये केरळात उभारलेली स्वयंसेवक संघटना. तिची मूळ कल्पना महात्मा गांधींची. जून १९३८ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी शांतिसैनिकाची पात्रता सांगितली. सैनिकाने आपल्या भागातील लोकांची सेवा करून आधीच परिचय जोडावा, म्हणजे प्रक्षुब्ध जमावापुढे तो परका ठरत नाही. तसेच भडका उडण्याची वाट न पाहता पूर्वचिन्हे दिसताच त्याने कामास लागावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

त्याच वर्षी विनोबा वर्ध्याजवळील, धाम नदीकाठच्या पवनार येथे राहावयास आले. १९४६ नंतर काही काळ ते पवनारहून सुरगावी रोज पायी जाऊन मैलासफाई करीत. मार्च १९५१ मध्ये पवनारहून निघालेली त्यांची पदयात्रा तेलंगणातील सशस्त्र भूमिसंघर्षाच्या प्रदेशात गेली. तेथे पोचमपल्लीस १८ एप्रिल रोजी पहिले भूदान मिळाले. हिंसेचे कारण दूर केल्यावाचून शांती टिकत नाही, ही शांतिसेनेमागील भूमिका या अनुभवांतून दृढ झाली.

पाच हजार लोकवस्तीमागे एक, याप्रमाणे देशभर सु. ७०,००० सैनिक असावेत, अशी विनोबांची योजना होती. सैनिक पक्षातीत असावा, असा दंडक होता. घरोघरच्या ‘सर्वोदयपात्रा’त रोज टाकलेले मूठभर धान्य ही या कार्यास लोकांची संमती मानली जाई. एरवी लोकसेवा व तंटे मिटविणे, तणावात अफवांची शहानिशा आणि दोन्ही पक्षांशी बोलणी, दंगलीनंतर मदत व पुनर्वसन, असा कार्यक्रम होता. पुढे जयप्रकाश नारायण व नारायण देसाई यांनी संघटनेची धुरा वाहिली. १९६९ च्या अहमदाबाद दंगलीनंतर सैनिकांनी तेथे काम केले.

मात्र नियोजित संख्या कधीच गाठली गेली नाही. दंगल पेटल्यावर बाहेरून आलेल्या सैनिकांपाशी पूर्वपरिचयाचे बळ नसे; त्यामुळे प्रतिबंधापेक्षा मदतकार्यच अधिक झाले. १९७४ च्या बिहार आंदोलनावरून सर्वोदय कार्यकर्त्यांत फूट पडली आणि संघटना क्षीण झाली. तथापि निःशस्त्र मध्यस्थीच्या या प्रयोगाचा वारसा १९८१ मध्ये कॅनडात स्थापन झालेल्या ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’ या संस्थेने पुढे चालविला.