रुमाल सोडण्यापूर्वी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले. मागे इस्टेट म्हणावी ती कागदांचीच. ती सांभाळण्यासाठी १९२७ साली धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ निघाले. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असता धुळ्यास निराळे मंडळ कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, कागदातील गावे, आडनावे नि वतने ओळखणारा माणूस त्या मुलुखातच भेटतो.

अशा मंडळाचे काम म्हणजे घरोघरचे रुमाल मिळवावयाचे, मोडी बाळबोधीत उतरवावयाची, मग छापावयाचे. धुळेकरांनी त्यासाठी ‘संशोधक’ त्रैमासिक चालविले. अवघड ते मिळविणेच. वतनाचा दावा उपटेल या धास्तीने आजोबा रुमाल दाखवीत नाहीत, आणि नातू तोच रद्दीच्या भावाने वाण्याला देतो! राजवाड्यांच्या ‘साधनां’चा १८९८ सालचा पहिला खंड वाईस मिळालेल्या अशाच कागदांतून निघाला, म्हणून पानिपतच्या मोहिमेची पत्रे आपल्यापर्यंत पोचली.

श्रोतेहो, तुमच्या माळ्यावर रुमाल असेल तर कागदांचा क्रम तेवढा मोडू नका. पुष्कळ पत्रांवर तिथी असते, साल नसते. ते शेजारच्या कागदावरून काढावे लागते.