वाचणाऱ्याचा हात हलत नाही

प्रुफं वाचणाऱ्या माणसाचा हात फार कमी हलतो. डावं बोट मूळ प्रतीवर, उजव्या हातात लाल पेन, आणि ते पेन ओळीच्या वर नुसतं तरंगत असतं. वेलांटी चुकली, रफार सुटला की खाली उतरतं. कंपोझिटर चांगला असेल तर अख्खी गॅली संपेपर्यंत उतरतही नाही. खिळे जुळवायच्या छापखान्यांचे शेवटचे दिवस मी पाहिले, मग डीटीपी आलं, आणि हल्ली दिवाळी अंकांची पानं मी स्क्रीनवरच वाचते. तिथे नवीच पंचाईत. एखादी तळटीप मूळ प्रतीशी ताडून पाहावी, लेखकाच्या पाच ओळी लांबलेल्या वाक्यातला कर्ता शोधत बसावं, तोवर स्क्रीन काळी. आमचा ऑपरेटर पलीकडून ओरडतो, "काकू, मधूनमधून माऊस हलवत जा. नाहीतर त्याला वाटतं तुम्ही उठून गेलात."

पोरगं बरोबर बोलतं. संगणकासमोर माणूस आहे की नाही, हे संगणकाला वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून कळत आलं आहे: हात हलतोय का. डोळे हलतात, डोकं चालतं, ते त्याच्या हिशेबात नाही. स्क्रीन आपोआप विझवण्याचा, आणि ती विझू नये म्हणून लोकांनी केलेल्या खटपटींचा सगळा इतिहास मी थोडा खणून पाहिला. या एका ठोकताळ्यापलीकडे तो फारसा सरकलेला दिसत नाही.

विझवायचं कारण सुरुवातीला खरंखुरं होतं. जुने मॉनिटर म्हणजे काचेची नळी. मागून इलेक्ट्रॉनचा झोत येऊन काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर आदळणार, आणि जिथे आदळेल तिथे उजेड पडणार. सेकंदाला पन्नास-साठ वेळा तोच झोत त्याच जागी पडत राहिला, की तिथला लेप लवकर म्हातारा होतो. सिनेमा पाहताना चित्र सतत बदलतं, म्हणून लेप सगळीकडे सारखा झिजतो. संगणकावर मात्र वरची मेनूची पट्टी दिवसभर जागची हलत नाही. हिरव्या अक्षरांचे मॉनिटर ज्यांनी वापरलेत त्यांना आठवत असेल: मशीन बंद केलं तरी काचेवर मेनूची भुतं दिसायची. कुणाच्या मॉनिटरवर कुठला प्रोग्रॅम वर्षभर चालला, ते बंद काचेवरून ओळखता यायचं.

यावरचा एक जुना इलाज अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा. १९७९ साली त्यांचे ४०० आणि ८०० हे घरगुती संगणक बाजारात आले, ते घरच्या टीव्हीलाच जोडायचे. संगणकापायी टीव्हीची काच डागाळली तर बोलणी कंपनीलाच बसणार. म्हणून यंत्रातच एक मोजणी ठेवली होती. मेमरीतल्या ७७ क्रमांकाच्या कप्प्यातला आकडा साधारण दर चार सेकंदांनी एकाने वाढायचा. कीबोर्डवरची कळ दाबली की परत शून्य. कळ दाबलीच गेली नाही आणि आकडा १२८ पर्यंत पोचला, म्हणजे सुमारे नऊ मिनिटं गेली, की स्क्रीनवरचे रंग मंद व्हायचे आणि आपोआप बदलत राहायचे, जेणेकरून एकाच जागी एकच रंग ठाण मांडून बसू नये.

आता हा संगणक लोक घेत कशासाठी, तर मुख्यतः खेळायला. आणि खेळ चालायचा जॉयस्टिकवर. जॉयस्टिक त्या मोजणीत धरलेलीच नव्हती! पोरगा घामाघूम होऊन शत्रूची विमानं पाडतोय आणि यंत्राच्या मते खोलीत कुणी नाही. नऊ मिनिटं झाली की आकाश जांभळं, मग तपकिरी. यावर बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी एका ओळीचा तोडगा काढला: पोक ७७,०. म्हणजे ७७ नंबरच्या कप्प्यात आपण होऊन शून्य टाकायचं. खेळ चालू असताना ही ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली की मोजणी कधी पुढे सरकतच नाही. स्क्रीन जागी ठेवण्याची मला माहीत असलेली ही सगळ्यात जुनी युक्ती. पुढच्या चाळीस वर्षांतल्या युक्त्या हिच्याच लेकी-नाती आहेत.

आयबीएमच्या पीसीसाठी स्क्रीन विझवणारा पहिला प्रोग्रॅम जॉन सोका या गृहस्थाने लिहिला. नाव 'स्क्रनसेव्ह', आणि तो डिसेंबर १९८३ च्या 'सॉफ्टटॉक' मासिकात आला. मला यातलं मासिक फार आवडतं. प्रोग्रॅम छापील पानावरून वाचकांपर्यंत पोचायचा तो काळ. एक स्वल्पविराम चुकला की सगळं मुसळ केरात, तेव्हा त्या मासिकाच्या मुद्रितशोधकाची काय तारांबळ उडत असेल! तीन मिनिटं कळ दाबली गेली नाही की सोकांचा प्रोग्रॅम स्क्रीन पूर्ण काळी करायचा. तीनाची पाच करायची असतील तर मूळ कोडमध्येच हात घालावा लागे. याच सोकांनी पुढे 'नॉर्टन कमांडर' लिहिला. तो मात्र आपल्याकडच्या क्लासेसमध्येही पुष्कळांनी वापरला.

काळ्या स्क्रीनला लोक कंटाळले आणि मग चित्रं आली. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली सिस्टिम्सने मॅकिंटॉशसाठी 'आफ्टर डार्क' काढलं. त्यात पंख फुटलेले टोस्टर स्क्रीनवरून उडत जायचे. इतकं लोकप्रिय, की टोरांटोच्या डेलरिना कंपनीने टोस्टरवर गोळ्या झाडणारा पेंग्विन विकायला काढला, बर्कलीवाले १९९३ मध्ये कोर्टात गेले, जिंकले, आणि डेलरिनाने पंख काढून टोस्टरना विमानाचे पंखे बसवले. आपल्याकडे विंडोजबरोबर आलेलं ताऱ्यांचं आकाश आणि वळणावळणांच्या नळ्या, एवढंच बहुतेकांनी पाहिलं. एका छापखान्यात मात्र मालकांनी सरकत्या अक्षरांत 'उधारी बंद आहे' असं लावून ठेवलेलं मी पाहिलंय. मॉनिटर गिऱ्हाइकाकडे तोंड करून.

या सगळ्या नाचात वीज वाचत नव्हती, आणि लोकांचा मात्र ठाम समज होता की वाचते. काचेच्या नळीचा मॉनिटर साधारण छताच्या पंख्याइतकी वीज खायचा. त्यावर टोस्टर उडोत की तारे चमकोत. कचेऱ्यांतले हजारो संगणक रात्रभर, शनिवार-रविवारही असेच जळत राहतात, हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ध्यानात आलं आणि १९९२ मध्ये तिने 'एनर्जी स्टार' ही योजना आणली. पहिला मान संगणक आणि मॉनिटर यांचाच. रिकामं बसल्यावर ३० वॅटच्या खाली जायचं, तर तारा मिळणार. सक्ती नव्हती. पण एप्रिल १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की सरकारी खात्यांनी असेच संगणक घ्यावेत. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडणार? कारखाने झाडून सगळे ताऱ्याच्या मागे लागले. संगणक सुरू करताना काळ्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात ताऱ्याचं एक चिन्ह क्षणभर दिसायचं. पुण्या-मुंबईत जोडलेल्या कितीतरी मशिनांवरही ते होतं. ते काय आहे, हे कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

मॉनिटरला झोपायला कसं सांगायचं, याची रीत १९९३ मध्येच ठरली, आणि ती मोठी झकास आहे. संगणक मॉनिटरला चित्राबरोबर दोन ताल पाठवत असतो: एक आडव्या ओळींचा, एक पूर्ण चित्राचा. नवी वायर नको, नवा संदेश नको. आडवा ताल थांबवला की मॉनिटरने डुलकी घ्यायची, उभा थांबवला की गाढ झोपायचं, दोन्ही थांबवले की जवळजवळ बंदच व्हायचं. गप्प राहूनच निरोप द्यायचा. ज्याने हे सुचवलं त्याला मी दाद देते.

इथून पुढे मात्र स्क्रीन विझवण्याचं ओझं वाढत गेलं. आधी काच वाचवायची होती, मग वीज, मग गुपितं. टेबलावरून उठलेल्या माणसाच्या मागे कुणी डोकावू नये म्हणून स्क्रीनबरोबर कुलूपही लागायला लागलं. कार्डाने पैसे घेणाऱ्या कंपन्यांच्या सुरक्षा नियमांत तर स्पष्ट लिहिलंय: १५ मिनिटं हालचाल नसेल तर पुन्हा पासवर्ड विचारा. दरम्यान काचेच्या नळ्या भंगारात गेल्या, सपाट एलसीडी आले, त्यांच्यावर तसा कायमचा डाग सहसा पडत नाही. मूळ कारण संपलं, सवय उरली. (आता ओएलईडी आल्यापासून डाग परतलेत. बातम्यांच्या वाहिनीचा लोगो कोपऱ्यात कायमचा उमटलेले टीव्ही बघायला मिळतात.)

आणि दुसऱ्या बाजूला माणसं जास्त जास्त वेळ नुसतं बघायला लागली. सिनेमा संगणकावर आला. दोन तास कुणी कीबोर्डला हात लावत नाही. लिनक्सवरच्या 'एमप्लेयर' या प्रोग्रॅममध्ये याची सोय होती, तिचं नाव 'हार्टबीट': सिनेमा चालू असताना दर ३० सेकंदांनी एक आज्ञा सोडायची, की अहो, आहे इथे माणूस, झोपू नका. विंडोजवर 'कॅफीन' नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम निघाला. तो दर ५९ सेकंदांनी एफ-१५ ही कळ दाबल्याचं सोंग करायचा. तुमच्या-आमच्या कीबोर्डवर एफ-१२ ला गाडी थांबते. एफ-१५ जुन्या मोठ्या कीबोर्डांवर होती. कळ अस्तित्वात नाही म्हणून मजकुरात काही उमटत नाही, पण यंत्राच्या लेखी बोट पडलं. अटारीच्या त्या शून्याचंच हे नवं रूप.

सरळ मार्गही झाले. विंडोजमध्ये प्रोग्रॅमला रीतसर सांगता येतं, स्क्रीन चालू ठेव. मॅकवर २०१२ पासून 'कॅफिनेट' नावाची आज्ञाच आहे. सेटिंगमध्ये जाऊन वेळेच्या जागी 'नेव्हर' निवडणं सगळ्यात सोपं, अर्थात मशीन आपलं असेल तर. फोनच्या ब्राउझरवर मात्र गंमत चालू होती. समोर पाककृती उघडी आहे, हात पिठाने भरलेत, आणि फोन विझतोय. वेबसाइट बनवणाऱ्यांनी पानाच्या पोटात एक आवाज नसलेला, न दिसणारा व्हिडिओ लपवला आणि तो गोल गोल फिरवत ठेवला, कारण व्हिडिओ चालू असताना फोन झोपत नाही. पानाला स्क्रीन जागी ठेवायची परवानगी उघडपणे मागता यावी, ही सोय क्रोममध्ये २०२० साली आली, सफारीत २०२३ मध्ये, फायरफॉक्समध्ये २०२४ मध्ये. कणीक मळणाऱ्या बाईची अडचण तिन्ही ठिकाणी पोचायला इतका वेळ!

मला वाटलं होतं, वाचणाऱ्याची दखल कुणी घेतलीच नसेल. पण घेतली होती. २०१२ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस-३ फोनमध्ये 'स्मार्ट स्टे' दिलं. स्क्रीन विझायची वेळ झाली की पुढचा कॅमेरा आधी डोळे शोधणार; डोळे दिसले तर स्क्रीन चालू. अंधारात ते चाचपडायचं, पण कल्पना पाहा. कळ नाही, बोट नाही, नजर. २०१७ मध्ये ॲपलनेही आयफोन-१० मध्ये तेच आणलं, पाहत असाल तर स्क्रीन मंद होत नाही. वाचणं हेही काम आहे, हे यंत्राला प्रथमच मान्य झालं, आणि त्याची किंमत म्हणजे यंत्र आता माझ्या तोंडाकडे पाहत बसणार. मला ती महाग वाटते. वाचताना माझे ओठ हलतात.

कचेऱ्यांनी मात्र नजर सोडून जुना हातच धरून ठेवला. २०२० मध्ये लोक घरून काम करायला लागले. कळ दाबली नाही की कचेरीच्या चॅटमध्ये नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होणार, वरिष्ठांना तो दिसणार. काच वाचवायला निघालेली मोजणी हजेरीपट झाली. मग माऊस हलवणारी यंत्रं खपू लागली. काही यूएसबीला लावायची, काहींत नुसती एक फिरती तबकडी, तिच्यावर माऊस ठेवायचा. संगणकाला काहीच जोडलेलं नाही म्हणजे पकडायलाही काही नाही. ज्यांना पैसे घालवायचे नव्हते त्यांनी काट्याच्या मनगटी घड्याळावर माऊस ठेवला. सेकंदकाटा फिरतो, माऊसखालच्या प्रकाशाला वाटतं टेबल हललं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनाहून जास्त माणसं कामावरून काढली. कीबोर्ड चालू असल्याचा भास निर्माण करून काम चाललंय असं दाखवलं, हा ठपका.

त्या माणसांची बाजू मला घ्यायची नाही. त्यांतले काही झोपा काढत असतील. पण आमच्या धंद्यात हा प्रश्नच आला नाही. प्रुफांचे पैसे फॉर्मवर ठरायचे. सोळा पानं वाचून परत दिली की झालं. मध्ये मी डोळे मिटून बसले की चहाला गेले, छापखान्यात कुणी पाहत नसे. तपासणी व्हायची ती अंक बाहेर पडल्यावर, आणि ती करायचे वाचक. पान नंबर, ओळ नंबर आणि सुटलेला अनुस्वार, सगळं पोस्टकार्डावर लिहून यायचं. काही पोस्टकार्डांतही चुका असायच्या. त्या मी लाल पेनाने दुरुस्त करून ठेवून दिल्यात.