चिखलातली तांबडी चिंधी

विहिरीच्या कठड्याशी उभे राहून एक मुलगा आणि एक मुलगी आपापली उंची मोजतात. वयात येताच दोघे एकमेकांना लाजू लागतात, कवितांतून मनातले कळवतात आणि लग्न करतात. दहाव्या शतकातल्या 'इसे मोनोगातारी' या जपानी ग्रंथातली ही छोटीशी गोष्ट. आज आपण घरी दिवा मालवून ज्या अबोल जपानी प्रेमपटांपुढे बसतो, त्यांचा माग काढत मागे गेलो तर एक मुक्काम या विहिरीपाशी पडतो. मात्र या जोडप्याचे जमले. त्यांच्या वारसांपैकी बहुतेकांचे जमत नाही.

न जमण्याची ही रीत ज्या लेखणीने घडवली ती, माझ्या मते, हिगुची इचियो हिची. वडिलांमागे आई आणि बहिणीचा भार अंगावर आलेल्या या तरुणीने १८९३ मध्ये तोक्योच्या योशिवारा या वेश्यावस्तीलगत खाऊ आणि किरकोळ सामानाचे दुकान थाटले. ते वर्षभरही चालले नाही, पण दुकानात येणारी मुले तिने नीट पाहून ठेवली होती. १८९५-९६ मध्ये तिची 'ताकेकुराबे' ही कथा क्रमशः प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ 'उंचीची तुलना'; म्हणजे ती विहीर इचियोच्या मनात होतीच. कथेतल्या मिदोरीची थोरली बहीण योशिवारातली नावाजलेली गणिका, आणि मिदोरीची वाटही तिकडेच जाणारी. नोबु देवळाच्या पुजाऱ्याचा मुलगा. एका पावसात नेमक्या मिदोरीच्या फाटकासमोर नोबुच्या लाकडी पादत्राणाचा पट्टा तुटतो. कोणाचा तरी खोळंबा झालेला पाहून ती कापड घेऊन धावते, पण तो कोण आहे हे दिसताच थबकते आणि तांबडी रेशमी चिंधी जाळीतून बाहेर फेकते. तो ती पाहतो, उचलत नाही. दोघेही एक शब्द बोलत नाहीत. द्रौपदीची चिंधी निदान बोटाला बांधली गेली. ही चिखलात पडून राहिली. १८९६ च्या नोव्हेंबरात इचियो क्षयाने वारली. वय अवघे २४.

पुढच्या मुक्कामांवर अडसर बदलत गेले. १९०६ मध्ये दुधाचा धंदा करणाऱ्या कवी इतो साचिओने रानशेवंतीच्या समाधीची कथा लिहिली. तिथे मुलगी मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून घरच्यांचा विरोध. १९२६ च्या कावाबाताच्या 'इझुची नर्तकी'त एक विद्यार्थी फिरत्या कलावंतांच्या मेळ्याबरोबर चालतो, आणि वाटेतल्या गावांच्या वेशीवर पाट्या असतात: भिकारी आणि कलावंतांनी आत येऊ नये. १९३३ मध्ये गोशो हेइनोसुके याने या कथेचा चित्रपट केला. गंमत अशी, की १९३१ मध्ये जपानचा पहिला यशस्वी बोलपट देणाऱ्या गोशोचा हा चित्रपट मूक होता. अर्थात जपानी मूकपट शांत नसे. पडद्याशेजारी उभा राहून बेन्शी म्हणजे निवेदक सगळ्या पात्रांचे बोलणे खणखणीत आवाजात ऐकवी. युद्ध हरल्यावर अमेरिकी अंमलदारांच्या आग्रहाने १९४६ मध्ये पडद्यावर चुंबनही आले. तरीही १९५५ मध्ये गोशो 'ताकेकुराबे'कडेच वळला. त्याच वर्षी किनोशिता केइसुके याने साचिओची कथा घेतली आणि म्हाताऱ्या नायकाच्या आठवणी पांढऱ्या लंबगोल चौकटीत दाखवल्या, जणू घरच्या आल्बममधले जुने फोटो.

१९५८ मध्ये जपानी चित्रपटगृहांत सुमारे ११३ कोटी तिकिटे खपली. पाच वर्षांत तो आकडा निम्म्याखाली आला, कारण दूरचित्रवाणी घरात आली होती. १९७६ मध्ये व्हीएचएस यंत्र आले आणि चित्रपटही घरात राहायला आला. एव्हाना वेशीवरच्या पाट्या गेल्या होत्या, घरचा धाकही सैल झाला होता. मग दोघांना दूर ठेवायचे कशाने? ओबायाशी नोबुहिकोने आपल्या ओनोमिची गावात शोधलेली उत्तरे मला अजून चकित करतात: १९८२ च्या चित्रपटात देवळाच्या पायऱ्यांवरून गडगडलेल्या मुलामुलीचे देहच बदलतात, तर १९८३ च्या चित्रपटात मुलगा भविष्यकाळातून आलेला. १९९५ च्या 'लव्ह लेटर'मध्ये इवाई शुन्जीने मृत्यूच मध्ये उभा केला, आणि न सांगितलेले प्रेम वाचनालयाच्या कार्डामागे रेखाटून ठेवले. मधल्या १९९३ मध्ये घिबली स्टुडिओच्या तरुण मंडळींनी कोची शहरातल्या शाळकरी मुलांवर ७२ मिनिटांचा चित्रपट केला, तो मुळातच दूरचित्रवाणीसाठी. बेन्शीचा आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत पोहोचावा लागे; इथे प्रेक्षक चार हातांवर बसलेला, त्याच्यासाठी नुसती मान वळवली तरी पुरे.

२००२ मध्ये शिन्काई माकोतोने आपला पहिला गाजलेला लघुपट बहुतांशी एकट्याने, घरच्या संगणकावर तयार केला. त्यात प्रेमिकांमधले अंतर प्रकाशवर्षांत मोजावे लागते. २००७ मध्ये 'सेकंदाला पाच सेंटिमीटर'मध्ये तो पुन्हा जमिनीवर उतरला. शेवटी तोक्योतल्या एका रेल्वे फाटकात बालपणीची दोघे परस्परांना ओलांडून जातात, दोघांचीही पावले थबकतात, वळावे तोच मध्ये गाडी येते, तिच्यामागून दुसरी. गाड्या सरल्यावर पलीकडे कोणी नसते. तो क्षणभर पाहतो, किंचित हसतो आणि चालू लागतो.